पाण्याला वळण देणारी रेषा

औंधच्या टेकडीवरचे श्री भवानी संग्रहालय १९३८ साली उभे राहिले. यमाईच्या दर्शनाला जाणारी माणसे तिथे थांबतात, राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर पाहतात आणि हेन्री मूरच्या दगडी माय-लेकरापुढे थोडी अधिक रेंगाळतात. हा संग्रह राजाने आवडीने जमवलेला आहे. औंधचे हे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायण चित्रांतून मांडले, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांच्याच संस्थानात घडलेली एक उत्तम कलाकृती मात्र त्या दालनांत नाही. ती कुंडलच्या माळावर घडली, ओतीव लोखंडाची होती आणि तिच्यातून पाणी वाहत होते. मी सेंट्रिफ्युगल पंपाबद्दल बोलतो आहे, आणि कलाकृती हा शब्द पूर्ण जबाबदारीने वापरतो आहे.

औंध संस्थान सलग नव्हते. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगलीत. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांच्या बेळगावातल्या कारखान्याची जागा नगरपालिकेने सोडायला लावली तेव्हा कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन मिळाली आणि १०,००० रुपये बिनव्याजी मिळाले, ते औंधच्या या राजामुळे. हे १९१० सालचे. उद्योगाच्या इतिहासात ही राजाच्या औदार्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी काही आहे. लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली. यांत्रिक रेखाटन तेवढे हाती राहिले आणि त्याच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. म्हणजे कुंडलच्या माळावर गाठ पडली ती दोन चित्रकारांची. एकाजवळ रंग होते, दुसऱ्याजवळ फक्त रेषा उरली होती. त्या रेषेतून आधी लोखंडी नांगर झाले, कडबा कापायची यंत्रे झाली, आणि १९२६ पासून त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीचे पदवीधर झाले तेही त्याच वर्षी.

मी इथे वाचणार आहे तो पंप अगदी साधा, खटाव-आटपाडीच्या विहिरींवर दोन-तीन पिढ्या दिसत आलेला. एका तोंडाने पाणी घेणारा, दुसऱ्याने वर फेकणारा, मागे शाफ्ट आणि बेअरिंगचे घर. तो चालू असताना त्याचा उपयोग दिसतो. त्याचे रूप दिसते ते दुरुस्तीला खोलल्यावर. म्हणून रसिकाने पंप पाहायचा तर फिटरच्या शेजारी उकिडवे बसून पाहावा.

नटबोल्ट सुटले, पुढचे झाकण निघाले, की आधी डोळ्यात भरते ती केसिंगची, म्हणजे पंपाच्या कवचाची, पोकळी. पाणी मधोमध शिरते आणि कडेने, वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या दिशेने बाहेर जाते. मधल्या फेऱ्यात ती पोकळी कुठेच सारखी नाही. एका ठिकाणी ती इतकी चिंचोळी असते की बोटसुद्धा जेमतेम जावे. तिथून निघून इंपेलरभोवती, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकाभोवती, फिरता फिरता ती रुंदावत जाते आणि फेरा पुरा होताना सर्वांत मोठी होऊन वरच्या पाइपाकडे वळते. या रुंदावण्याला कारण आहे. इंपेलर आपल्या घेराच्या प्रत्येक बिंदूवरून पाणी बाहेर टाकत असतो. जितके पुढे जावे तितके आधीच्या पाण्यात नवे पाणी मिसळत जाते. जागा वाढली नाही तर ते एकमेकांना रेटेल, भोवरे होतील, मोटारीची शक्ती त्या भांडणातच जाईल. जागा नेमकी त्या प्रमाणात वाढत गेली तर पाणी सगळीकडे एकाच चालीने जाते. बाहेर पडताना पाइप आणखी थोडा फाकतो, वेग कमी होतो आणि त्या कमी झालेल्या वेगाचा दाब होतो. तो दाब पाण्याला वर चढवतो. रेषा फुगली तर वाफ्यात पाणी कमी पडते, आक्रसली तरी कमी पडते. जिच्या चुकण्याने पिकाचे नुकसान होते अशी रेषा चित्रकलेच्या वाट्याला क्वचित येते.

चिंचोळ्या जागी, जिथे शेवट आणि सुरुवात एकमेकांना भेटतात, तिथे लोखंडाची एक टोकदार जीभ असते. फिरून आलेले पाणी पुन्हा फेऱ्यात न शिरता वर जावे, एवढे काम ती करते. ती इंपेलरच्या फार जवळ आली तर पंप गुणगुणतो, फार दूर गेली तर पाणी तिला चुकवून पुन्हा आत फिरते. जुन्या पंपात ही जीभ वाळूने घासून बोथट झालेली दिसते. पंपाने किती गढूळ पाणी ओढले, नदीकाठचा होता की खडकातल्या विहिरीवरचा, हे जाणता फिटर या जिभेवरून सांगतो.

मग इंपेलर. त्याला पंखा म्हणतात, पण त्याची पाती पंख्यासारखी सरळ पुढे झेपावत नाहीत. ती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे वळलेली असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटते की इंपेलर उलटा बसवला आहे. पाणी ओरबाडून पुढे ढकलावे ही आपली पहिली कल्पना असते. हे पाते मात्र पाण्याला स्वतःवरून निसटून बाहेर जाऊ देते. वळणाचे हे मोल जगाला फार उशिरा कळले. पपँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस असा पंप कल्पिला होता, पण १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्डने वक्र पात्यांचा पंप चालवून दाखवला तेव्हा फरक आकड्यांत पुढे आला. सरळ पात्यांनी दिलेल्या शक्तीतली २४ टक्के कामी येत होती, वक्र पात्यांनी ६८ टक्के. लोखंड तेच, पाणी तेच, आकारही जवळपास तोच. फक्त रेषा वाकली आणि काम जवळजवळ तिप्पट झाले.

हे सगळे मुळात लाकडात घडते, हे रसग्रहणात सांगितलेच पाहिजे. केसिंगच्या आतली ती रुंदावणारी पोकळी लेथवर कापता येत नाही, तिथे हत्यार पोचतच नाही. ती ओतावी लागते. त्यासाठी पॅटर्न बनवणारा सुतार आधी लाकडी नमुना करतो, आणि पोकळीसाठी वाळूचा कोअर घडवायला वेगळी लाकडी पेटी करतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण शेकडा एक इतके आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. साच्यातून अलगद निघावा म्हणून भिंतींना किंचित उतार द्यायचा. वाळू चाळायची, भरायची, ठोकायची, लोखंड ओतायचे, आणि थंड झाल्यावर आतला कोअर फोडून काढायचा. उरते ती पोकळी. हेन्री मूरच्या शिल्पांत पोकळीला वस्तूइतकेच वजन असते असे समीक्षक सांगतात. किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत पोकळी हाच माल होता, लोखंड तिच्याभोवतीचे कवच. जुने केसिंग खोलून आत बोट फिरवले तर वाळूची खरखर लागते. कोअर बनवणाऱ्या माणसाचा हात त्या खरखरीत राहिलेला आहे, आणि त्याचे नाव कुठेही कोरलेले नाही.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो: ग्लँड.

शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो. आत दाबाखाली पाणी, बाहेर हवा, मध्ये मिनिटाला दीड किंवा तीन हजार फेरे घेणारी सळई. भोक घट्ट करावे तर शाफ्ट अडकतो, सैल ठेवावे तर पाणी उडते. यावर जुना उपाय असा की शाफ्टभोवती एक उभट डबा ठेवायचा, त्यात ग्रीस किंवा ग्रॅफाइट मुरवलेल्या चौकोनी दोरीची कडी एकामागे एक बसवायची आणि मागून एका पट्टीने दोन नट आवळून ती दाबायची. दोरी फुगते आणि शाफ्टला मिठी घालते. हे सगळे कुणीही करील. कसब आहे ते आवळणे कुठे थांबवायचे यात. नवशिका थेंब दिसला की पाना उचलतो. थेंब थांबतो, तो खूश होतो, आणि थोड्या वेळाने ग्लँडमधून जळका वास येऊ लागतो. दोरीला गारवा देणारे आणि शाफ्टला ओलावा देणारे पाणी त्याने बंद केलेले असते. छोट्या पंपाला मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू द्यावेत, असा जाणत्यांचा हिशेब. हे थेंब म्हणजे गळती नाही. यंत्र स्वतःला जगवण्यासाठी जेवढे पाणी ठेवून घेते तेवढे ते आहेत, आणि ते पंप लपवत नाही, उघड्यावर टाकतो.

ग्लँड भरण्याची रीत पाहण्यासारखी असते. जुनी दोरी आकड्याने उकरून काढायची, शेवटचे कडे हट्टाने आत राहते, तेही काढायचे. ते ठेवून त्यावर नवी दोरी घालणे ही कामचुकारी. शाफ्टवरच्या स्लीव्हवरून नख फिरवायचे. नख अडकेल इतकी खाच पडलेली असेल तर कितीही चांगली दोरी घातली तरी महिनाभरात पाणी उडणार, स्लीव्ह बदलायची. स्लीव्ह ही कल्पनाच किती समंजस आहे पाहा. शाफ्ट महाग, म्हणून त्याच्यावर एक स्वस्त नळी चढवली, झिजायचे ते तिने झिजावे. नवी दोरी शाफ्टच्या मापाच्या दांड्याला गुंडाळून तिरकस कापायची, म्हणजे तोंडे एकमेकांवर बसतात. पहिल्या कड्याचा सांधा वर ठेवला तर दुसऱ्याचा बाजूला, तिसऱ्याचा खाली, म्हणजे पाण्याला सरळ वाट सापडत नाही. शेवटी नट हातानेच आवळायचे, पाना लावायचा नाही. पंप चालू करायचा, थोडे जास्त पाणी पडू द्यायचे, आणि मग एकेका नटाला जरा जरा फिरवत थेंब मोजायचे. चांगला फिटर या वेळी ग्लँडवर हात ठेवतो. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर नट सैल करतो.

या पंपाला उणिवाही आहेत. रसग्रहण म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे. हा पंप हवा ओढू शकत नाही. केसिंगमध्ये आणि खालच्या पाइपात आधी पाणी भरल्याशिवाय तो नुसता फिरत राहतो. विहिरीच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व्ह पाणी धरून ठेवतो. त्याच्या झडपेत काडी अडकली की रात्रीत पाइप रिकामा होतो आणि सकाळी बादलीने पाणी ओतत बसावे लागते. शिवाय पंप पाणी वर ओढतो असे आपण म्हणतो, पण तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाण्याला फार तर १०.३ मीटर चढवील. पाइपातली घासण आणि बाकीची तूट धरली तर व्यवहारात सहा-सात मीटर. पाणी त्याहून खाली गेले की केसिंगमध्ये खडी फिरत असल्यासारखा आवाज येऊ लागतो. तिथे खडी नसते. दाब इतका उतरलेला असतो की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठतात, आणि पुढे दाब वाढताच ते फुटून इंपेलरच्या पात्यांचे लोखंड टोचून काढतात. खोललेल्या इंपेलरवर बारीक खळग्यांची जाळी दिसली तर समजावे की मालकाने उन्हाळ्यात पंप खाली उतरवला नाही. आमच्या दुष्काळी पट्ट्यात विहिरींच्या पोटात कट्टे बांधून पंप खाली का नेत असत, आणि वैशाखात तो आणखी खाली का घ्यावा लागे, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

मोटेच्या पाण्याला एक लय होती. बैल धावेवरून खाली जात, पखाल वर येई, थारोळ्यात पाणी पडे, मग थोडी शांतता, पुन्हा पाणी. पंपाने ती शांतता काढून टाकली आणि पाणी सलग केले. त्या लयीसाठी हळहळणारे बरेच आहेत. मी त्यांत नाही. त्या लयीखाली बैलांच्या माना आणि माणसांचे दिवस जात होते. सलग पाणी हीच या भागाला मिळालेली मोठी गोष्ट होती. आज टेंभू योजनेचे पंप कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीपर्यंत, म्हणजे जुन्या औंध संस्थानच्या मातीत नेतात. त्यांच्याही पोटात तीच मागे वळलेली पाती आहेत.

हीच पाती रस्त्यावरच्या गाड्यांतही फिरत असतात. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आतमध्ये बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर असलेली मोठी गाडी आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. अशा आलिशान मोटरहोममध्ये निदान दोन पंप असतात, आणि दोन्ही वाचण्यासारखे आहेत. एक इंजिनाला गार ठेवणारा. तो आपल्या विहिरीवरच्या पंपाचा सख्खा धाकटा भाऊ: छोटा इंपेलर, छोटे केसिंग, पट्ट्यावर किंवा दात्यांवर चालणारा. फक्त ग्लँडच्या जागी यात सील असते. कार्बन आणि सिरॅमिक अशा दोन चकत्या, आरशासारख्या सपाट घासलेल्या, स्प्रिंगने एकमेकींवर टेकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा. थेंब पडत नाही. मग सील झिजले हे कळायचे कसे? त्यासाठी या पंपाच्या अंगावर, सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेले असते. सील दमले की कूलंट बेअरिंगकडे न जाता आधी या भोकातून बाहेर येते, आणि वाळल्यावर हिरवट किंवा गुलाबी ओघळ दिसतो. पंप बदलायला निघालेल्याने आधी बॅटरी लावून हे भोक पाहावे. कधी कधी एखादा मेकॅनिक पाणी थांबवायला त्यात एम-सील भरतो. तसे केले की पुढचे पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि घाटात गाडी तापते. आपण कधी तरी निकामी होणार हे मान्य करून त्याची खबर देण्याची वाट अंगावर ठेवणे, ही रचनाकाराची मोठी सभ्यता आहे. दुरुस्तीत कूलंट थंड झाल्यावर सोडावे, जुने गॅस्केट ब्लेडने साफ खरवडावे, बोल्ट समोरासमोरचे आवळत जावेत. ग्लँडवर हात घातलेल्या माणसाला यात नवे काही शिकावे लागत नाही.

दुसरा पंप गाडीतल्या नळांना पाणी देणारा, बहुधा १२ व्होल्टचा, रबरी पडद्याचा. त्याची जात वेगळी. पडदा वर-खाली होतो, झडपा उघडतात-मिटतात, आणि दाबाचा स्विच नळ उघडला की त्याला चालू करतो, बंद केला की थांबवतो. हा पंप हवा ओढू शकतो, पाणी भरून देण्याची गरज नाही. त्याला वाचायचे कानाने. सगळे नळ बंद असताना, रात्री गाडी निजलेली असताना, तो अधूनमधून एक-दोन ठोके देऊन गप्प होत असेल, तर कुठे तरी थेंब निसटतो आहे, किंवा पंपाच्या आतली झडप पाणी मागे सोडते आहे. आधी सांधे कोरडे आहेत का ते बोटाने पाहावे. ते कोरडे असतील तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी आणि झडपा धुवाव्यात. टाकीतला गाळ आणि क्षार तिथेच बसतात. अनेक जण पहिल्याच ठोक्याला सबंध पंप बदलतात. काम होते, पण दोष कुठे होता हे कळत नाही, आणि तो पंपात नव्हताच असे असेल तर नवा पंपही रात्री ठोके देऊ लागतो.

या सगळ्यांत माझी पसंती ग्लँडच्या पंपाला. सीलचा पंप अधिक स्वच्छ आहे, कमी लक्ष मागतो, मोटारगाडीत तोच हवा. बोअरमध्ये खोल सोडलेला सबमर्सिबल तर आज या भागाचा आधार आहे. तो दिसत नाही, त्याची तब्येत अँपिअरच्या काट्यावर ओळखावी लागते आणि बिघडला की पाइपांची सबंध माळ वर ओढावी लागते. पण उघड्यावर बसून, चालू असताना, माणसाच्या हाताखाली दुरुस्त होत जाणारा पंप हा ग्लँडचा एकच. त्याच्या पुढच्या पिढीत पाइप न सोडता इंपेलर आणि शाफ्ट मागून ओढून काढता येतील अशी रचना आली. तीही त्याच दृष्टीतून आली: यंत्र बनवताना ते खोलणाऱ्या माणसाचा विचार केलेला असावा.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एका संस्थानात चित्रे जमवणारा राजा आणि पंप घडवणारा रेखाटनकार एकत्र नांदले, याची खूण औंधच्या संग्रहालयात दिसावी असे मनापासून वाटते. तिथल्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की किर्लोस्करवाडीचा एक जुना पंप मिळवावा, तो उभा कापून आतली पोकळी आणि पाती दिसतील असा मांडावा, आणि शेजारी त्याचा लाकडी पॅटर्न ठेवावा. वाचकांपैकी कुणाच्या विहिरीवर किंवा गोठ्यात असा पंप गंजत पडला असेल, तर तो भंगारवाल्याला घालू नका. एकदा खोलून पाहा, आणि तुम्हाला नको असेल तर औंधला कळवा.